फटफटीच्या मुठीवरचा खटका

यंत्राचा मोठा भाग बिघडला तर मनुष्य कारागीर शोधावयास निघतो, आणि अगदी लहान भाग मोडला तर यंत्रच टाकून द्यावयास निघतो, असा विलक्षण न्याय अलीकडे घरोघर चालू झालेला दिसतो. पुण्याच्या पेठांतून ज्या जुन्या मोटारसायकली अद्याप बोळांत किंवा जिन्याखाली गोणपाटाने झाकलेल्या आढळतात, त्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. इंजिन जाम झाले तर ते खोलून, सिलिंडर घासून, नवा पिस्टन घालून घेण्यास कोणी मागेपुढे पाहत नाही. परंतु हँडलच्या मुठीजवळचा, आगपेटीहूनही लहान असा खटका मोडला की, ‘याचा भाग आता मिळत नाही’ या एका वाक्यावर गाडीचा निकाल लागतो. त्या खटक्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

प्रथम गाडीविषयी. जावा हे नाव मूळचे चेक देशातील. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ साली जर्मनीतील वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. आपल्याकडे रुस्तुम व फारुख या इराणी मंडळींनी म्हैसूर येथे कारखाना काढला, आणि १९६१ पासून तेथून या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच गाडीस ‘येझदी’ हे नाव मिळाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांना देऊन पुन्हा बाजारात आणण्यात आले, तथापि तिचे अंतरंग निराळे आहे. जुनी जावा तिच्या लकबींवरून लांबूनच ओळखू येते. सिलिंडर एक, पण धुराची नळकांडी दोन. आणि जो दांडा गिअर टाकण्याचा तोच आत दाबून फिरविला की किक मारण्याचा होतो. ज्या पुण्यात एके काळी कचेरीस जाणारा गृहस्थ व महाविद्यालयात जाणारी मुलगी दोघेही सायकलीवरच जात, त्या पुण्यात या फटफटीचा आवाज बोळाच्या तोंडाशी आला की सारी आळी ओळखत असे.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी, सदाशिव पेठेत, अशी १९६७ सालची जावा आहे. कुटुंब एकत्र, घरात तीन पिढ्या. आजोबांनी घेतलेली ही गाडी आता नातू चालवितो. गेल्या वर्षी सासवडहून परतताना दिवे घाटाच्या एका वळणावर समोरून मालमोटार आली, म्हणून त्याने दिव्याचा झोत खाली घेण्यासाठी मुठीवरची कळ दाबली. कळ मोडून तिचे टोक हातात आले, आतील पट्टी मध्येच अडकली आणि दोन्ही झोत एकदम विझले. मुलगा सावध, म्हणून त्याने गाडी डोंगराच्या अंगास घेऊन उभी केली. घरी ही हकीकत कळल्यावर काकांनी गाडी विकण्याचे ठरविले, आणि आजींनी तिला हात लावण्यास बंदी केली. दोघांचेही म्हणणे वावगे होते असे आम्हांस वाटत नाही. ज्या गाडीचा दिवा घाटात दगा देतो ती गाडी आठवण म्हणून कितीही प्रिय असली तरी रात्री रस्त्यावर आणण्याच्या योग्यतेची नव्हे. प्रश्न इतकाच होता की, दोष गाडीचा की खटक्याचा?

नातवाने आजींपाशी एक महिन्याची मुदत मागितली. “काका, महिन्याभरात झाले नाही तर मीच गिऱ्हाईक आणतो,” असे त्याने सांगितल्यावर प्रकरण तहकूब झाले.

आता हा खटका करतो तरी काय? त्याची कामे दोन. भोंगा वाजविणे हे एक, आणि दिव्याचा लांबचा झोत बदलून जवळचा करणे हे दुसरे. डिपर या नावाने जो ओळखला जातो तो हाच दुसरा भाग. त्यात तीन तारा येतात. एक तार प्रवाह आणते. उरलेल्या दोन, दिव्यातील दोन वेगवेगळ्या तंतूंकडे जातात. कळ फिरली की आतील पितळेची पट्टी एका तारेवरून दुसरीवर सरकते. चांगल्या खटक्यात ही पट्टी दुसऱ्या तारेस स्पर्श करते आणि मगच पहिलीस सोडते, त्यामुळे वळणावर क्षणभरही अंधार होत नाही. पट्टी झिजली किंवा तिची स्प्रिंग सैल झाली म्हणजे ती मध्येच लोंबकळते. घाटात झाले ते हेच.

भोंग्याची गोष्ट अधिक गमतीची आहे. अशा जुन्या गाड्यांच्या बहुतेक रचनांत भोंग्याच्या बटणाकडे एकच तार येते. बॅटरीपासून निघालेला प्रवाह आधी भोंग्यात जातो, तेथून बटणाकडे येतो, आणि बटण दाबले की हँडलच्या लोखंडातून, गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत जातो. परतीची निराळी तार नसतेच; गाडीचे शरीर हीच परतीची तार. कारागीर यास ‘अर्थ’ म्हणतात, आणि त्यांच्या विद्येत अर्थ लागला नाही की पुढचे सारे व्यर्थ असते. कोणी हौसेने हँडलास जाड रंग दिला, किंवा हँडल ज्या गोळ्यांवर फिरते त्या गोळ्यांत ग्रीस दाट भरले, की हा परतीचा मार्ग अडतो. मग हँडल डावीकडे वळविले तर भोंगा वाजतो, सरळ धरले तर वाजत नाही. आणि दोष नसलेला भोंगा उगाच बदलला जातो.

या गाडीचे तसेच होते. भोंगा दोनदा बदलून झाला होता. नातवाने बटणाकडे जाणारी तार सोडवून इंजिनाच्या उघड्या धातूस टेकविली, तोच भोंगा खणखणीत वाजला. म्हणजे भोंगा निर्दोष, तारही निर्दोष. दोष बटणात किंवा हँडलच्या परतीच्या मार्गात. एवढी परीक्षा करण्यास कोणतेही खर्चिक साधन लागत नाही. सहा व्होल्टचा एक लहान दिवा आणि हातभर तारेचे दोन तुकडे असले की घरातील कोणाही समंजस माणसास ती करता येईल.

सहा व्होल्टचा उल्लेख आला, त्याचा थोडा खुलासा अवश्य आहे. आजच्या गाड्या बारा व्होल्टच्या असतात, जुन्या जावा सहाच्या. पस्तीस वॅटच्या दिव्यास बारा व्होल्टवर सुमारे तीन अँपियर प्रवाह पुरतो; सहा व्होल्टवर जवळजवळ सहा लागतो. खटक्यात गंजामुळे ओहमच्या एक दशांशाइतका क्षुल्लक अडथळा आला असे समजा. बारा व्होल्टच्या गाडीत त्यापायी सुमारे पाव व्होल्ट वाया जाईल, म्हणजे चाळिसावा हिस्सा. सहा व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टाहून अधिक, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. आणि दिव्याचा दाब एक दशांशाने उतरला की उजेड एक दशांशाने न उतरता सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. ‘जुन्या जावाचा दिवा म्हणजे काजवा’ अशी जी थट्टा होते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हा मुठीवरचा गंजच असतो. बिचाऱ्या दिव्यास नावे ठेवण्यापूर्वी खटका उघडून पाहावा.

उघडताना प्रथम बॅटरीची तार सोडावी, आणि खटका स्वयंपाकघरातील परातीत धरूनच उघडावा. आत मोहरीहून थोडी मोठी पोलादी गोळी आणि तिच्यामागे इवलीशी स्प्रिंग असते. कळ दोन जागी ठाम बसते ती यांच्यामुळे. फरशीवर उघडल्यास गोळी कपाटाखाली जाते आणि मग सारे घर गुडघ्यांवर येते. नातवाने परात मागितली म्हणून आजी पाहावयास आल्या. आतील पितळेवर हिरवट थर चढलेला पाहून त्या म्हणाल्या, “अरे, हे तर कळकले आहे!” कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले म्हणजे जे होते, त्याचाच हा भाईबंद. आम्हांस हे निदान एखाद्या कारागिराच्या निदानाइतकेच अचूक वाटले; आणि आजींचा विरोधही बहुधा त्याच क्षणी निम्मा झाला असावा, कारण पुढील चिंध्या व जुना दात घासण्याचा ब्रश त्यांनीच काढून दिला.

हा थर पेट्रोलात भिजविलेल्या ब्रशाने आधी मऊ करावा, अर्थात् चुलीपासून दूर, अंगणात. आणि मग अगदी बारीक काचकागदाने हलकेच घासावा. कानस चालवू नये, कारण पितळेचा पत्रा पातळ असतो. आंबट फळाच्या रसाने पितळ लखलखते हे खरे; पण रसाचा अंश आत राहिला तर गंज दुप्पट वेगाने परततो. भांड्याचा न्याय येथे लावू नये.

राहिली मोडलेली कळ. नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तर ज्यास नाव नाही असाही भाग सापडतो. दोन्ही ठिकाणी या खटक्याच्या नकला पाहावयास मिळाल्या. वरून हुबेहूब, चकचकीत. पण हातात घेतल्या तर हलक्या, आणि आतील पट्टी पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाची. लोहचुंबक लावून पाहिल्यावर हे तत्काळ कळले. अशी नक्कल घेण्यापेक्षा जुना खटका दुरुस्त करणे आम्ही शतपट पसंत करू. जुन्या बाजारात एका ढिगात मूळचा एक खटका निघाला. त्याची कळ शाबूत, पण बाकीचा भाग फुटका. दोहोंचा मिळून एक करावयाचा ठरला.

त्यातही एक अडचण उद्भवली. तारा ज्यावर बसतात तो आतील ठोकळा बेकलाइटचा असून त्यास चीर गेली होती. बेलजममध्ये जन्मलेल्या बेकलँड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९०७ साली हा पदार्थ शोधून काढला. तो एकदा घट्ट झाला की पुन्हा उष्णतेने वितळत नाही. विजेच्या सामानास तो इतका योग्य ठरला तो या गुणामुळे, आणि मोडला की तापवून सांधता येत नाही तोही याच गुणामुळे. बाजारात मिळणारी दोन नळ्यांची चिकटी लावली तर चीर बुजते, पण तारेचा स्क्रू आवळताना पुन्हा उकलते. म्हणून बुधवार पेठेतील विजेच्या सामानाच्या एका दुकानातून फायबरच्या पत्र्याचा तुकडा आणून, कानशीने घासून नातवाने नवा ठोकळा केला. पहिले दोन फसले. तिसरा बसला, तो बसविण्यासाठी काका स्वतः चष्मा पुसून खाली बसले तेव्हा.

तारांना डाख देताना राळ वापरावी. भांड्यांच्या कामातील नवसागर किंवा तेजाब येथे वापरू नये, कारण ते मागाहून तांबे खाते. हँडलापासून सांगाड्यापर्यंत परतीची एक स्वतंत्र तार टाकावी. मूळ गाडीत ती नव्हती म्हणून काही शुद्धतावादी नाक मुरडतील. परंतु भोंगा वाजलाच पाहिजे या पक्षाचे आम्ही आहोत. तार हँडलच्या वळणाशी ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवावी, नाहीतर रोजच्या वळण्याने ती रबराच्या आतच तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. मात्र खटक्याचे बाहेरचे घर जेथे हँडलावर आवळले जाते तेथेच त्यास तडा गेला असेल, तर दुरुस्तीचा मोह सोडावा व ते बदलावे. रात्रीच्या वळणावर फिरणारा खटका नसलेल्या खटक्याहून वाईट.

येथे कायद्याचीही थोडी दखल घेतली पाहिजे. १ एप्रिल २०१७ पासून बनणाऱ्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप पेटलेला राहतो. त्यापूर्वीच्या गाड्यांस हे बंधन नाही. २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून, अशी गाडी प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती वगैरे कारणांखेरीज रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. काकांनी हे वाचून दाखविले तेव्हा नातवाने ती वाट नाकारली. त्याला गाडी सासवडला न्यावयाची होती.

मुदतीच्या सव्विसाव्या दिवशी बोळात अंधार पडल्यावर परीक्षा झाली. समोरच्या भिंतीवर झोत टाकून काकांनी कळ वीस वेळा वरखाली केली. एकदाही मध्ये काळोख आला नाही. भोंगा हँडलच्या तिन्ही स्थितींत वाजला, तो शेजाऱ्यांनी खिडकी उघडीपर्यंत. आजींनी घाटाची परवानगी दिली आहे, पण सूर्यास्तापूर्वी परतण्याच्या अटीवर. आणि ती अट रास्त आहे असे काकांचे मत पडले.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी एक गोष्ट मात्र आवर्जून सांभाळावी. दसऱ्यास गाडी नळीच्या धारेने धुतात, मग हँडलास झेंडूची माळ घालून वर हळदकुंकू वाहतात. धारेचे पाणी खटक्यात शिरते आणि कुंकू त्यात कालवून बसते. धुण्यापूर्वी मुठीवर मेणकापडाचा तुकडा बांधावा, पूजेनंतर खटका कोरड्या फडक्याने पुसावा, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, तो परातीत धरून उघडून पट्टीवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवावा. स्प्रिंगा जुन्या बाजारात मिळतात. दोन जास्तीच्या आणून ठेवाव्यात.