डिशवॉशरमधून भांडी ओली का निघतात?

डिशवॉशरमध्ये भांडी धुतली जातात ती पाण्याच्या फवाऱ्याने, पण वाळतात ती बहुतांशी स्वतःच्याच उष्णतेने, ही गोष्ट यंत्र घेताना सहसा कोणी समजावून सांगत नाही. त्यामुळे दार उघडताच वाट्यांच्या बुडावर पाणी साचलेले दिसले की यंत्र बिघडले असे वाटते. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी कंपनीचा कारागीर येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा वाळण्याची क्रिया समजून घेणे अधिक उपयोगी आहे, कारण बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतोच.

घरगुती यंत्रांत शेवटच्या विसळणीचे पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते, त्याने भांडी तापतात, त्यांच्यावरच्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ यंत्राच्या तुलनेने थंड असलेल्या आतील भिंतींवर पुन्हा पाणी होऊन खाली ओघळते. या क्रियेला संघनन म्हणतात. मात्र या उष्णतेची ऐपत फार थोडी असते. २०० ग्रॅम वजनाचे स्टीलचे ताट ६५ अंशांवरून ४५ अंशांवर येताना जेवढी उष्णता सोडते, तेवढीने एक ग्रॅमही पाणी पुरते उडत नाही. म्हणजे पृष्ठभागावरची पातळ ओल वाळेल, पण साचलेले चमचाभर पाणी वाळणे शक्यच नाही. मराठी घरातील वाट्या आणि पेले यांच्या बुडाला बहुधा उथळ खळगा असतो आणि भांडे पालथे घातले की नेमके त्यातच पाणी साठते. म्हणून ती सपाट पालथी न घालता तिरकी लावावीत आणि यंत्र रिकामे करताना खालचा कप्पा आधी काढावा, नाहीतर वरच्या खळग्यांतले पाणी खालच्या कोरड्या ताटांवर सांडते.

पाणी थेंबांच्या रूपात राहते की पातळ थर होऊन निथळते, हे पृष्ठताणावर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या आकसून राहण्याच्या ओढीवर, अवलंबून असते. रिन्स एड नावाचे द्रव शेवटच्या विसळणीत मिसळून हा ताण कमी करते. त्याची टाकी रिकामी असेल किंवा मात्रा कमी ठेवलेली असेल, तर इतर सर्व ठीक असूनही भांडी ओली निघतात. प्लॅस्टिकचे डबे मात्र रिन्स एड घालूनही बरेचदा ओलेच राहतात, कारण त्यांच्यावर पाणी पसरत नाही आणि त्यांच्यातून उष्णताही थेंबापर्यंत सहज पोहोचत नाही. ते फडक्याने पुसावेत हेच बरे.

या भागात पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. बुलढाणा जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला असून या खडकाच्या भेगांतून झिरपलेल्या विहिरीच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. असे पाणी जड, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारे असते. भारतीय मानक ब्युरोच्या पेयजल मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालणारा मानला आहे; पिण्यास चालणारे पाणी यंत्राला मात्र जड जाऊ शकते. म्हणूनच अनेक यंत्रांत क्षार शोषणाऱ्या रेझिनचा, म्हणजे बारीक कृत्रिम दाण्यांचा, कप्पा असतो आणि ते दाणे पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी खास जाडे मीठ घालावे लागते. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त बारीक मीठ तेथे वापरू नये. पाण्याचा जडपणा तपासून यंत्रावरील आकडा त्यानुसार ठेवला नाही, तर भांड्यांवर पांढरे डाग पडतात आणि कालांतराने क्षारांचा थर साचून पाणी तापवण्याची क्रियाही मंदावू शकते.

झटपट धुण्याच्या पर्यायात वाळवण्याचा टप्पा अनेकदा वगळलेला किंवा अगदी तोकडा असतो, तर वीज वाचवणाऱ्या पर्यायात शेवटचे पाणी कमी तापते. धुणे संपल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी दार किंचित उघडून ठेवल्यास आत कोंडलेली वाफ भांड्यांवर परत न बसता बाहेर निघून जाते.

खरा बिघाड ओळखण्याची खूण सोपी आहे. पूर्ण गरम पाण्याचा पर्याय निवडून धुणे संपताच जपून दार उघडले असता भांडी हाताला चांगली गरम लागली, तर यंत्र बहुधा आपले काम करीत आहे. ती गार असतील, तर पाणी तापवणारी यंत्रणा किंवा तापमान मोजणारा भाग बिघडला असण्याचा संभव आहे आणि तेव्हा कारागीर बोलवावा. तळाशी पाणी तुंबलेले असल्यास त्याआधी जाळी काढून भाताची शिते, मोहरी, कोथिंबिरीच्या काड्या साफ कराव्यात आणि सांडपाण्याची नळी कुठे मुडपली आहे का, तेही पाहावे.