डबाच जेव्हा पंख्याचं काम करतो

संगणक ही हिशेब करणारी शेगडी आहे, असं म्हटलं तर आपल्याला हसू येईल. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं ते खरं आहे. संगणक जेवढी वीज घेतो, तिची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. सहा वॅट वीज आत गेली, की सहा वॅट उष्णता बाहेर पडायलाच हवी. ती आत कोंडली, तर चिप तापत जाते.

नेहमीच्या संगणकात ही उष्णता बाहेर काढायचं काम पंखा करतो. मात्र पंखा हवेबरोबर धूळही आत ओढतो. गावातलं वाचनालय, रस्त्याकडेचं दुकान, गिरणीशेजारची शाळा अशा ठिकाणी दोन-तीन उन्हाळ्यांत पंख्यावर धुळीचा थर बसतो. तो आधी घरघरतो, मग मंदावतो. संगणक हळू चालायला लागतो आणि आपण म्हणतो, ‘व्हायरस आला!’ प्रत्यक्षात त्याला उकडत असतं.

यावर एक उपाय म्हणजे पंखाच नसलेला छोटा संगणक. त्यात ज्या डब्यात संगणक बसवायचा, तो डबाच उष्णता बाहेर टाकतो. असा संगणक घरच्या घरी जोडता येतो. उदाहरण म्हणून ‘रास्पबेरी पाय’ घेऊ. मुलांना संगणकाची भाषा शिकता यावी म्हणून ब्रिटनमध्ये तयार झालेला हा संगणक २०१२ साली बाजारात आला. त्याची पाटी जेमतेम ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद असते. २०१९ साली आलेली त्याची चौथी आवृत्ती बरीच वेगवान आहे, त्यामुळे ती तापतेही जास्त. तिची मुख्य चिप ८० अंश सेल्सिअसला पोचली, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करू लागते.

आता डब्याकडे वळू. कुकरचं भांडं ॲल्युमिनियमचं आणि मूठ मात्र बॅकेलाइटची का असते? भांड्यातून उष्णता पटकन जावी आणि मुठीतून जाऊ नये म्हणून. ॲल्युमिनियम हे साध्या प्लॅस्टिकच्या सुमारे हजारपट चांगलं उष्णतावाहक आहे. म्हणजे प्लॅस्टिकच्या बंद डब्यात संगणक ठेवणं हे चिपेभोवती कुकरची मूठ गुंडाळण्यासारखंच झालं.

पण डबा नुसता ॲल्युमिनियमचा असून भागत नाही. चिप आणि डबा यांच्यामध्ये हवेची फट राहिली, तर सगळं मुसळ केरात. स्थिर हवा प्लॅस्टिकपेक्षाही वाईट वाहक आहे. म्हणून चांगल्या डब्याच्या झाकणाला आतून एक ठोकळा असतो. तो बरोबर चिपेच्या डोक्यावर येतो. उरलेली बारीक फट उष्णतावाहक पेस्टनं किंवा मऊ पट्टीनं भरतात. पेस्ट अगदी पातळ लावायची, लोण्यासारखी थापायची नाही. पट्टी वापरलीत, तर तिच्या दोन्ही बाजूंचा संरक्षक कागद आठवणीनं काढायचा. प्रत्येक आवृत्तीत चिपेची आणि जोडण्यांची जागा वेगळी असू शकते, म्हणून त्याच आवृत्तीसाठी बनवलेला डबा घ्यावा. शिवाय ॲल्युमिनियममधून वीजही वाहते, त्यामुळे पाटीची खालची बाजू धातूला टेकत नाही ना, हे आधी पाहावं.

चिपेतून डब्यात आलेली उष्णता आता खोलीतल्या हवेत जायला हवी. इथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. पंखा नसताना गरम पृष्ठभागाचा दर चौरस मीटर, तापमानातल्या दर अंश फरकामागे, साधारण १० वॅट उष्णता बाहेर टाकतो. आपल्या डब्याचं सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरू. मग दर अंशाला ०.२ वॅट उष्णता बाहेर जाईल. संगणक पूर्ण जोरात चालून ६ वॅट घेत असेल, तर डबा खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम होईल. नुसतं टंकलेखन चालू असेल, तर हा फरक निम्म्यावर येतो.

खरी मेख यातच आहे. लंडनमधल्या २० अंशांच्या खोलीत हा डबा ५० अंशांवर थांबेल. पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली ४३ अंशांवर गेली, तर तोच डबा ७३ अंशांवर जाईल. आतली चिप त्याहून काही अंश जास्तच तापलेली असेल, म्हणजे ८० ची वेस जवळच आली. डबा बदलला नाही, संगणक बदलला नाही. बदलली ती खोली. जाहिरातीत छापलेलं तापमान कुठल्या हवेत मोजलं होतं, हे म्हणूनच विचारायला हवं.

मग उन्हाळ्यासाठी काय करायचं? डबा थोडा मोठा, पंख्यांच्या पात्यांसारख्या उभ्या पट्ट्या असलेला घ्यावा. त्यानं हवेला टेकणारं क्षेत्रफळ वाढतं. पट्ट्या फार दाट मात्र नकोत, मधून हवा वर चढायला वाट हवी. चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा ॲनोडाइझ केलेला किंवा पातळ रंग दिलेला डबा बरा, कारण चकचकीत धातू उष्णतेचं प्रारण फार कमी करतो. डब्यावर वह्या, रुमाल ठेवू नयेत आणि तो कपाटात कोंडू नये. लहान मुलांचा हात लागणार नाही अशी जागा निवडावी. ७० अंशांचा धातू चटका देतो. धातूच्या डब्यामुळे वायफाय क्षीण होऊ शकतं, तेव्हा जमेल तिथे तारेची जोडणी करावी.

जोडणी झाल्यावर परीक्षा घ्यायला विसरू नका. ऐन दुपारी तासभर संगणकाला भरपूर काम द्या आणि चिपेचं तापमान पाहा. ते पडद्यावर दाखवण्याची सोय या संगणकात आहे. आकडा ७० च्या आत राहिला, तर निर्धास्त राहा. ८० च्या आसपास गेला, तर आधी पेस्ट, मग जागा आणि शेवटी डबा, या क्रमानं तपासा. उष्णता नाहीशी करता येत नाही, तिला फक्त वाट करून देता येते. ती वाट आपल्या गावच्या उन्हाळ्याला पुरेल एवढी रुंद हवी.