स्पर्श, सुई आणि श्वास

गोडी छाटणी उरकली की निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराची झोप उडते. पावसाची एक सर आली तरी डाऊनी या बुरशीरोगाची धास्ती, त्यात पुढे डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, मजूर मिळतील का ही विवंचना. मांडवाखाली तासन्‌तास हात वर करून विरळणी करणाऱ्या बायकांचे खांदे भरून येतात. डॉक्टर तपासतात, रिपोर्ट नॉर्मल येतात, दुखणं मात्र हटत नाही. अशा वेळी कुणी रेकी सुचवतं, कुणी प्राणिक हीलिंग, कुणी ॲक्युपंक्चर, कुणी विपश्यना. प्राणशक्तीचा उल्लेख यांतल्या बऱ्याच ठिकाणी होतो, पण सगळ्यांना एकाच तागडीत तोलून चालणार नाही.

रेकी जपानची. मिकाओ उसुई यांनी ती 1922 च्या सुमारास शिकवायला सुरुवात केली. उपचारक अंगावर हलके हात ठेवतो किंवा किंचित वर धरतो. प्राणिक हीलिंग फिलिपिन्समधल्या चोआ कोक सुई यांनी मांडलं. त्यात स्पर्शही नसतो. हवेतच हात फिरवून ‘दूषित ऊर्जा’ मिठाच्या पाण्यात झटकतात.

ही ऊर्जा हाताला खरोखर जाणवते का? अमेरिकेतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी हेच तपासलं. तिचे उपचारक ‘थेरप्युटिक टच’ या रेकीसारख्याच पद्धतीचे होते. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा. त्याच्या भोकांतून उपचारकाने दोन्ही हात पुढे करायचे. नाणं उडवून एमिली त्यातल्या एका हातावर आपला हात धरायची आणि विचारायची, कोणत्या? 21 उपचारकांच्या 280 प्रयत्नांत 44 टक्के उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजानेही निम्मी बरोबर यायला हवी होती. 1998 साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

तरीही रेकी घेऊन हलकं वाटलं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. फोन बाजूला ठेवून निवांत पडायचं आणि कुणीतरी आपुलकीने विचारपूस करायची, एवढ्यानेही शरीर सैलावतं. मात्र तेवढ्याने साखर उतरत नाही की गाठ विरघळत नाही.

ॲक्युपंक्चरचं पारडं थोडं जड आहे. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातल्या डॉ. बी. के. बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्राने 2015 साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. जुनाट पाठदुखी, गुडघेदुखीत आराम पडतो असं चाचण्यांत दिसलं आहे. पण खोट्या सुयांशी तुलना केली की फरक लहान उरतो. उपचारक नोंदणीकृत आहे ना आणि सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हे पाहायलाच हवं.

विपश्यनेत आणि योगात उपचारक आपणच. निफाडच्याच रेल्वेमार्गावर इगतपुरीला सत्यनारायण गोयंकांचं धम्मगिरी केंद्र 1976 पासून चालू आहे. पहाटे चारला घंटा, मौन, पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष, मग अंगावरच्या संवेदनांवर. दहा दिवसांचं शुल्क नाही. खर्च साधकांच्या दानावर चालतो. शिबिरात रेकीसारखे इतर उपचार थांबवावे लागतात. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

योगाला प्रयोगशाळेत नेलं स्वामी कुवलयानंदांनी, लोणावळ्याच्या कैवल्यधामात, 1924 साली. जुनाट कंबरदुखीत योगाने थोडाफार फायदा होतो, इतर व्यायामाइतकाच, असं आजचे आढावे सांगतात.

म्हणून क्रम असा लावावा: आधी डॉक्टर, मग ज्यात स्वतःचं अंग हलतं आणि श्वास चालतो ते, मग दुखण्यासाठी सुई. रेकी-प्राणिक परवडत असेल तर विसाव्यापुरतं. आणि ‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.