रातांब्याची साल आणि सोमलाचं विष

मे महिना आला की रत्नागिरीकडे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची घाई सुरू होते. बिया वेगळ्या काढायच्या, साली उन्हात पसरायच्या आणि मीठ घातलेल्या रसाची त्यांना पुन्हा पुन्हा पुटं द्यायची, तेव्हा कुठे सोलं काळीभोर होतात. बोटं लाल करणारा त्यातला रंग अँथोसायनिनचा. सालीत गार्सिनॉलही असतं. दोन्ही अँटिऑक्सिडंट. म्हणून ‘कोकम यकृतातलं विष उतरवतं’ असं कुणीही बिनधास्त सांगतं.

आर्सेनिकचं, म्हणजे सोमलाचं, उदाहरण घेऊन हे तपासू. बंगाल, बिहार आणि बांगलादेशात ते हातपंपाच्या पाण्यातून पोटात जातं. त्याला ना रंग, ना वास. पाण्यात लिटरला 10 मायक्रोग्रॅमच्या वर ते नसावं. आतड्यांतलं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे पहिला मार तिथेच. आर्सेनिकला गंधकाची भारी ओढ. गंधक असलेल्या विकरांना ते चिकटतं, पेशीची ऊर्जानिर्मिती अडते, मायटोकॉन्ड्रियातून ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू सुटतात आणि पेशीच्या पटलातली मेदद्रव्यं अक्षरशः खवट होतात.

पेशीजवळ यावर ग्लुटाथायोन असतं. तीन अमिनो आम्लांचा हा रेणू. मधल्या आम्लात गंधक. तो उपद्रवी रेणूंना शमवतो, आर्सेनिकलाही धरतो, पण या झटापटीत स्वतः खर्ची पडतो. बाहेरच्या अँटिऑक्सिडंटचा उपयोग इथे होतो. क आणि ई जीवनसत्त्वं ते रेणू थेट शमवतात. हळदीतलं कर्क्युमिन एनआरएफ-2 या प्रथिनाला जागं करतं आणि ग्लुटाथायोन बनवणारी जनुकं कामाला लागतात. आर्सेनिक दिलेल्या उंदरांवर हे अनेकदा दिसलं आहे.

माणसांतला पुरावा मात्र तोकडा. शिवाय कोकमाच्याच भाऊबंदातल्या गार्सिनिया कम्बोजियाच्या वजन घटवणाऱ्या गोळ्यांनी यकृत बिघडल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. सोलकढी प्यावी ती चवीसाठी!

खरं तर रत्नागिरीकरांच्या पायाखालीच याहून भरवशाची वस्तू आहे: जांभा दगड. त्याला तांबडा करणारी लोहाची ऑक्साइडं पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवतात. आयआयटी खरगपूरच्या शीर्षेंदू डे यांच्या गटाने प्रक्रिया केलेल्या जांभ्याचे स्वस्त फिल्टर तयार केले आणि ते पश्चिम बंगालमध्ये वापरात आले. कोकणात हा प्रश्न बंगालसारखा नाही. तरीही बोअरच्या पाण्याविषयी शंका असेल, तर कोकमाच्या आगळाची बाटली आणण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या.