घरच्या घरी हेडर – ६ : आधी नट तर सुटू देत!

हेडरचे पाइप ४-२-१ असे जुळवायचे की ४-१, हा वाद आज निकालात काढायचा होता. पाइपांच्या लांबीची आकडेमोडही वहीत करून ठेवली आहे. पण रत्नागिरीच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि ती वही बाजूला ठेवावी लागली. त्यांची जिप्सी बॉनेट उघडून दारात उभी आहे. नवा हेडर खोक्यात आहे, जुना एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जागेवर आहे. दोन नट सुटले, एकाचे कोपरे गोल झाले आणि बाकीचे हलायला तयार नाहीत. ‘पान्याला पाइप लावून जोर करू का?’ असं त्यांनी विचारलंय.

नका करू. निदान हा लेख वाचून होईपर्यंत तरी नका.

हेडरच्या कामात खरी कसोटी जुना मॅनिफोल्ड काढताना लागते. नवा चढवणं ही त्यानंतरची मजा. मी एक साधा हिशोब धरून चालतो. नट चहाच्या किमतीत मिळतो. स्टड त्याहून जरा महाग. आणि सिलिंडर हेड? हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग बेल्ट, हेड गॅस्केट, कूलंट, वर मशीन शॉपचे हेलपाटे. म्हणून स्टड वाचवायला नटाचा बळी द्यायचा, हेड वाचवायला स्टडचा. पाइप लावून जोर करणारा नट वाचवायला जातो आणि स्टड गमावून बसतो.

जोराचंही गणित करून बघा. हे ८ मिलिमीटरचे स्टड. त्यांवरचा नट आवळायचा असतो साधारण २० ते २५ न्यूटन-मीटरला. फूटभर लांबीच्या पान्यावर १५ किलोचा जोर दिला, की ४५ न्यूटन-मीटर होतात. गंजून बारीक झालेला स्टड तिथेच मान टाकतो. त्याच पान्याला दोन फुटांचा पाइप जोडल्यावर काय होईल ते सांगायला नको. शिवाय हाताला काहीच कळत नाही. सुटणारा नट ‘कट्’ असा आवाज करून सुटतो. स्टड पिळला जात असेल तर पाना ओल्या लाकडात स्क्रू फिरावा तसा मऊ, लवचीक फिरतो. तो मऊपणा हाताला जाणवला की तत्क्षणी थांबायचं. लांब पाइपाच्या टोकाला तो जाणवतच नाही.

आता हे नट इतके का धरतात? कारखान्यातून येताना त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि मॅनिफोल्डच्या शेजारची वस्ती किती गरम असते ते आधीच्या भागांत आपण पाहिलंच आहे. मुलामा जातो, आट्यांतलं तेल कधीच जळून गेलेलं असतं, उरतं उघडं पोलाद. गाडी थांबली, नट गार झाला, की कोकणातली खारी, दमट हवा आट्यांच्या फटीत शिरते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. फटीत ती जागा नसते, म्हणून तो दोन्हीकडे रेटा देत बसतो. देशावरच्या गाडीचे नट अनेकदा एका रात्रीच्या तेलात सुटतात, किनाऱ्यावरच्या गाडीचे तेवढ्यावर सुटत नाहीत, ते याच खाऱ्या हवेमुळे.

पत्रात ‘डब्ल्यूडी-४० दोनदा मारून झालं’ असंही आहे. हा फवारा १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झाला, तो ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरून पाणी हटवून त्याला गंजापासून वाचवायला. गंज लागण्याआधी तो उत्तम. आधीच जाम झालेल्या आट्यांत शिरायला खास त्यासाठी बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल घ्या, आणि ‘दोनदा’ म्हणजे दहा मिनिटांत दोनदा असेल तर उपयोग शून्य. आज रात्री, उद्या सकाळी, उद्या रात्री, असं करा. प्रत्येक वेळी नटाच्या डोक्यावर हातोडीचे हलके, भरभर ठोके. त्या हादऱ्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते.

मग पाना. जपानी वळणाच्या या गाड्यांत ८ मिलिमीटरच्या नटाचं डोकं १२चं असतं, युरोपीय गाडीत १३चं. आपल्या पेटीतल्या बारा-तेराच्या पान्याचं उघडं तोंड इथे वापरायचंच नाही, कोपरे तेच खातं. सहा कोनांचा बॉक्स पाना ठोकून पूर्ण बसवा आणि, हे विचित्र वाटेल, आधी किंचित आवळा. केसभर पुरे. गंजाची पकड आवळतानाही तुटते. मग सोडा, थोडं परत आवळा, पुन्हा सोडा.

तरी हलला नाही तर आच. इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो: इंजिन तापवलं की नट सुटतील. नट आणि स्टड दोन्ही पोलादाचे. दोघं सारखे तापले तर सारखेच फुगणार, फट पडणार कुठून? ज्योत फक्त नटावर, झटकन, आतल्या स्टडला आच पोचायच्या आत मारायची. उलट, स्टडच हेडमधून काढायचा असेल तेव्हा हेड तापलेलं बरं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे तिथे पकड सैल होते. ज्योत बाजूला घेतल्यावर गरम नटाला साधी मेणबत्ती टेकवा. मेण पातळ होऊन केशाकर्षणाने आट्यांत ओढलं जातं. तेल अशा तापलेल्या लोखंडावर धूर होऊन जातं, मेण टिकून आत उतरतं. हा जुना लोहारी उपाय माझा फार लाडका आहे.

ज्योतीच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते पाहा, अग्निशामक हाताशी ठेवा. फवारलेलं तेलही पेट घेतं, म्हणून आधी ते पुसून घ्या. आणि ब्रेक क्लीनरने धुतलेल्या भागावर ज्योत अजिबात नको. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावकं असतात, तापल्यावर त्यांतून फॉस्जीन निघू शकतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हा वायू.

कोपरे गोल झालेला तो एक नट? त्याची दया करू नका. एका बाजूने कानस किंवा बारीक ग्राइंडर लावून, आट्यांना स्पर्श व्हायच्या आत थांबा, मग छिन्नीचा एक ठोका. नट फुटतो, स्टड राहतो.

आणि स्टड तुटलाच तर? बाहेर टोक उरलं असेल तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नवा नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची आच आणि नवं डोकं, दोन्ही एकदम मिळतं. ईसीयूचा कनेक्टर आधी काढून ठेवा. टोक हेडच्या सपाटीत तुटलं असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग हळूहळू मोठं. उलटी फिरणारी ड्रिल बिटं मिळाली तर जरूर घ्या, भोक पाडता पाडताच स्टड फिरून बाहेर येतो असं अनेकदा होतं. भोकात घालून तुटका स्टड उलटा फिरवणाऱ्या इझी-आउटचा मात्र मला राग आहे. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. मग भोसरीसारख्या ठिकाणी डाय-मोल्डवाल्यांकडे स्पार्क इरोजनला हेड घेऊन जायचं, म्हणजे ते उतरवणं आलंच. आटेच गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेच्या नव्या आट्यांची गुंडाळी, बसवा. ॲल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षा टणक ठरतं, त्यात कमीपणा काही नाही.

पत्राच्या शेवटी आणखी एक प्रश्न होता: नवे नट-स्टड स्टेनलेसचे घ्यावेत का? दिसायला छान, पण स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, गंजाची वाटही न बघता. जुन्या इंग्लिश गाड्यांत मॅनिफोल्डला पितळी नट असत, जर्मन गाड्यांत तांब्याचा मुलामा दिलेले असतात. दोन्हींत हेतू एकच: पोलादाला पोलाद भिडू द्यायचं नाही. तसले मिळाले तर घ्या, नाही तर साधे पोलादी नट आणि आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ. ते लावल्यावर घर्षण कमी होतं, त्यामुळे टॉर्कही थोडा कमी ठेवायचा, पाचवा हिस्सा तरी.

मॅनिफोल्ड उतरला की हेडच्या सपाटीवरचं जुनं गॅस्केट खरवडायला पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. ग्राइंडरची चकती तिथे लावू नका, ॲल्युमिनियमला पडलेला खड्डा कुठलंही गॅस्केट भरून काढत नाही. पोर्टांत चिंध्या कोंबून ठेवा, म्हणजे खरवड आत जाणार नाही. पाइपांच्या लांबीचं पुढच्या आठवड्यात बघू, रत्नागिरीहून आणखी पत्र आलं नाही तर.