भावनेला नाव सापडत नाही तेव्हा

तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूला दुसऱ्या सरफोजीराजांनी आपली प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या नावानं छत्र (धर्मशाळा) उभारलं. तिथं वाटसरूंना जेवण मिळे, मुलांना शिक्षण मिळे. आज या गावातून मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येतं, तमिळमध्ये आणि मराठीतही.

पण बोलायचं तर आधी आपल्याला काय वाटतंय, हे कळावं लागतं. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) छटा असलेल्या प्रौढाची छाती धडधडते, पोट आवळतं. पण ही भीती की संताप, हे पुष्कळदा त्यालाच उमगत नाही. २०१९च्या एका एकत्रित विश्लेषणात स्वमग्न व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ही अडचण दिसली, इतरांमध्ये सुमारे ५ टक्क्यांत. जी भावना ओळखूच येत नाही, ती आवरणार कशी? त्यात चारचौघांसारखं दिसण्यासाठी दिवसभर हावभाव बेतायचे. या दमछाकीचा संबंध नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशीही आढळला आहे. म्हणूनच ‘हट्टी’, ‘माणूसघाणा’ हे शिक्के मला घातक वाटतात. अशा माणसाची घालमेल होते तेव्हा प्रश्नांची सरबत्ती नको. आवाज, प्रकाश, गर्दी कमी करावी आणि सावरायला वेळ द्यावा.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. निदान बालपणी झालं नसेल, तर प्रौढपणीही करून घेता येतं.