धरणात साठा किती?

भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले की प्रवरेच्या कालव्यात पाणी दिसते; पण धरणात किती उरले, हे कालव्याकडे पाहून कुणाला सांगता यायचे नाही. कर्करोगावरील एका उपचारात डॉक्टरांची अडचण नेमकी अशीच असते.

कर्करोगाच्या पेशीला हुडकून चिकटणारे प्रतिपिंड घ्यायचे, त्याला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून सोडायचे, असा हा उपचार. लिम्फोमा या लसीकाग्रंथींच्या कर्करोगासाठी यिट्रियम-९० वाहून नेणाऱ्या अशा औषधाला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून किरणोत्सारी औषधांचे काम करीत आले आहे.

प्रतिपिंड काही दिवस रक्तात फिरत राहते. ते हाडांतल्या मज्जेतूनही जाते आणि रक्त तयार करणाऱ्या पेशींनाच किरणांचा तडाखा बसतो. गंमत अशी (अर्थात रोग्याच्या दृष्टीने ती गंमत नव्हे), की यिट्रियमच्या औषधानंतर प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात त्या सात ते नऊ आठवड्यांनी. तोवर संगमनेरचा किंवा जामखेडचा रोगी मुंबईहून घरी परतून कामालाही लागलेला असतो. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचे. ताप आला किंवा हिरड्यांतून रक्त आले तर थांबायचे नाही.

मग आधीच अंदाज का बांधू नये? ठोकताळे आहेत. प्लेटलेट दीड लाखांवर असतील तर किलोमागे ०.४ मिलिक्युरी, एक ते दीड लाखांत ०.३, लाखाच्या खाली औषधच नाही. मज्जेचा चौथा हिस्सा किंवा अधिक भाग रोगाने व्यापला असेल तरीही नाही. पण सारखेच आकडे असलेल्या दोघांत एक सहज तरतो, दुसऱ्याला रक्त चढवावे लागते. मज्जेला किती किरण लागले याचे गणितही एकटे पुरत नाही, कारण पूर्वीच्या केमोने कुणाचे धरण किती आटले आहे, ते त्यात येत नाही. मज्जेतल्या मूळ पेशी घटल्या की एफएलटी-३ लिगँड हे प्रथिन रक्तात वाढते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याची जोड दिल्यावर किरणांचे गणित रक्तातल्या घसरणीशी अधिक जुळले. रोगी मात्र थोडे होते.

मात्रा वाढली तर मज्जा जाते, कमी पडली तर रोग राहतो. म्हणून मोठ्या रुग्णालयात जाताना जुन्या केमोचे कागद बरोबर न्यावेत, अगदी पहिल्या सायकलपासूनचे.